जुन्या मोटारीची मंद चाल

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही वरवट बकाल येथें एका विद्यार्थ्याच्या घरीं उतरलों होतों. त्याच्या वडिलांपाशीं एक जुनी पद्मिनी मोटार आहे. पहांटे शेगांवीं आगगाडी गांठावयाची होती. थंडी कडक असल्यामुळें त्या मुलानें पत्र्याच्या खोपींत, दार लोटलेलें ठेवूनच, इंजिन सुरू केलें. पाय काढतांच तें बंद पडे; म्हणून ऍक्सिलरेटर दाबून तो तसाच बसून राहिला. आम्ही दार उघडलें तों मुलगा दोन्ही हातांनीं कपाळ धरून बसलेला! डोकें दुखतें, मळमळतें, असें म्हणाला. त्यास अंगणांत मोकळ्या हवेंत आणिलें व दुसऱ्याच्या गाडींतून दवाखान्यांत नेलें. देवदयेनें तो बरा झाला. परंतु एवढा प्रसंग ज्या क्षुल्लक दोषामुळें ओढवला, त्याविषयीं चार शब्द लिहावे असें तेव्हांपासून आमच्या मनांत होतें.

पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट. १९६४ पासून मुंबईस कुर्ला येथील कारखान्यांत ती 'डिलाइट' नांवानें तयार होऊं लागली व पुढें पद्मिनी झाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निघाली. खेड्यापाड्यांतून मात्र कोणी हौसेनें, कोणी गरजेनें, अद्याप ती बाळगून आहेत.

मोटार उभी असतां व पाय ऍक्सिलरेटरवर नसतां इंजिन ज्या मंद चालीनें चालतें, तिला मिस्त्री लोक 'स्लो' म्हणतात. मंद म्हणावें तरी तीहि कांहीं थोडी नव्हे. मिनिटास ८०० फेरे धरले, तर चार नळकांड्यांच्या इंजिनांत दर दोन फेऱ्यांस चार, म्हणजे मिनिटास १६०० स्फोट होतात!

ह्या स्फोटांस लागणारें हवा व पेट्रोल ह्यांचें मिश्रण कार्बोरेटरांत होतें. त्याची नळी मध्यें निमुळती असते. अरुंद जागीं हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो, हें तत्त्व डॅनियल बर्नुली ह्यानें १७३८ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. उतरलेल्या दाबामुळें पेट्रोल वर ओढलें जाऊन तुषाररूपानें हवेंत मिसळतें. नळीच्या पुढल्या भागीं एक वाटोळी चकती असते, तोच थ्रॉटल. पाटाच्या तोंडाशीं शेतकरी फळी घालतो, तसेंच हें काम. ऍक्सिलरेटर दाबला कीं चकती उघडते.

चकती जवळजवळ मिटली म्हणजे निमुळत्या भागांतील वारा इतका मंदावतो कीं, तेथून पेट्रोल चढेनासें होतें. ह्यासाठीं चकतीच्या पलीकडे, जेथें इंजिनाची ओढ अतिशय जोराची असते तेथें, एका बारीक वाटेचें तोंड ठेविलेलें असतें. त्या वाटेवरील लहान छिद्राचा तुकडा म्हणजे 'स्लो जेट'. तिच्या तोंडाशीं मिश्रणाचा स्क्रू असतो. आणि चकती कितपत मिटावी हें ठरविणारा दुसरा स्क्रू थ्रॉटलच्या दांड्याशीं असतो.

गाडी मोकळ्या जागीं उभी करून, हातब्रेक लावून व गियर काढून, इंजिन चांगलें तापूं द्यावें. चोक पूर्ण आंत असावा. थ्रॉटलचा दांडा आपल्या स्क्रूवर येऊन टेकतो कीं नाहीं हें प्रथम पाहावें. स्प्रिंग सैल असल्यास स्क्रू फिरविणें व्यर्थ होय. मग दांड्याचा स्क्रू किंचित् आवळून चाल थोडी वाढवावी. मिश्रणाचा स्क्रू हळूहळू सैल करीत जावें. पेट्रोल अधिक होऊन इंजिन हेलकावे खाऊं लागलें कीं थांबावें व हेलकावे जाऊन एकसारखी चाल लागेपर्यंत तोच स्क्रू पुन्हां आवळीत यावें. आतां चाल अधिक वाटल्यास दांड्याचा स्क्रू सैल करावा. असें दोनतीन वेळां करावें लागतें. मिश्रणाचा स्क्रू जोरानें शेवटपर्यंत आवळूं नये, टोंक खराब होतें. येथें डोळ्यांहून कानच अधिक उपयोगी, असा आमचा अनुभव आहे. प्लग मळका असतां कित्येक मिस्त्री नुसती चाल वाढवून गिऱ्हाइकास वाटेस लावितात, हेंहि आम्हीं पाहिलें आहे. नव्या मोटारींत हें सर्व संगणक करितो. तेथें पेचकस घेऊन जाऊं नये.

बंद खोपींतील विष म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायु. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. इंजिन थंड असतां चोक ओढलेला, म्हणून पेट्रोल अधिक व हवा कमी. अशा अर्धवट जळण्यांत हा वायु विशेष निघतो. खोपीला दोन खिडक्या होत्या. पण थंडीमुळें त्यांतहि पोतीं कोंबलेलीं होतीं.

दुपारीं आम्ही कार्बोरेटर पाहिला. पाय दाबला तर इंजिन ठीक चाले, सोडला कीं बंद पडे. दोन्ही स्क्रू फिरवूनहि फरक पडेना. स्लो जेट काढून उजेडासमोर धरला, तों छिद्रांत मातीचा कण! तार घालूं नये, छिद्र मोठें होतें. म्हणून सायकलच्या पंपानें वारा मारून तो उडविला. जेट बसवितांच इंजिन पायावांचून चालूं लागलें. मुलाच्या वडिलांनीं तें क्षणभर ऐकलें, मग खोपीकडे जाऊन दाराच्या दोन्ही फळ्या बिजागऱ्यांसह उतरवून ठेविल्या.