ट्रॉलीचा एक स्टड तुटला, तर खर्च किती?

पेणहून विटा भरून रोह्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा एक स्टड तुटला की ठरलेलं उत्तर येतं, "पाच आहेत ना अजून? भागेल." भागत नाही. चाक स्टडवर टांगलेलं नसतं. आवळलेले नट डिस्क ड्रमवर दाबून धरतात आणि त्या पकडीवरच भार पेलला जातो. नट सैल पडला की डिस्क हलू लागते, स्टड दर फेऱ्याला किंचित वाकतो आणि त्याला तडा जातो. एक तुटला की शेजारचे दोन त्याच वाटेवर असतात.

म्हणून एक तुटला तर शेजारचेही बदला, दोन तुटले तर त्या चाकाचे सगळे. स्टड-नटाची जोडी साधारण ६० ते १५० रुपयांना पडते, ड्रम उतरवून बसवायची मजुरी ५०० ते १,०००. म्हणजे सहाही बदलले तरी दोन हजारांच्या आत काम उरकतं. डिस्कची भोकं लांबट झाली असतील तर मात्र डिस्कच बदलावी लागते आणि दोन हजार वेगळे धरावे लागतात. भोक वेल्डिंगने भरून घ्यायचा स्वस्त सल्ला कुणी देईलच, ऐकू नका.

खारेपाटात फिरणाऱ्या ट्रॉलीला गंज लवकर धरतो. डिस्क बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून घ्या. तिथे रंगाचा जाड थर नको. तो दबला की नट सैल होतात. आट्यांना तेल-ग्रीसही नको, त्याने तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो.

पंक्चरवाल्याच्या एअर गनवर शेवटचं आवळणं सोडू नये. चाक जमिनीवर टेकवून, समोरासमोरचे नट घेत, हाताने आवळा. १८ मिलिमीटरच्या स्टडला साधारण २७० न्यूटन-मीटर लागतात. पाना आडवा धरून, नटापासून ४५ सेंटिमीटरवर ६० किलोच्या माणसाने पूर्ण भार दिला की जवळपास तेवढं होतं. मात्र ट्रॉली बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच खरा. धाटाव एमआयडीसीत जाणाऱ्या मोठ्या ट्रकच्या २२ मिलिमीटर स्टडला याच्या दुपटीहून जास्त लागतं. तिथे हा अंदाज चालवू नका, टॉर्क रेंच असलेलं गॅरेज गाठा.

पेण-रोहा जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर होतात. तेवढ्यात नट थोडे सैल पडू शकतात, म्हणून पहिल्या भरल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा आवळून घ्या, आणि हे फुकट करून देण्याचं गॅरेजवाल्याकडून पैसे देण्याआधीच कबूल करून घ्या.