गाडीचा खालून काढलेला फोटो पाठव

ट्रॉय, मिशिगन

चि. बंड्या,


फोटो मिळाला. 1974 ची कॉर्व्हेट, तीही लाल! "पन्नास वर्षांची गाडी घ्यायचं याला काय सुचलं?" असं तुझी आई फोनवर विचारत होती. तिची समजूत मी घालीन. तू मात्र गाडीचा खालून काढलेला फोटो पाठव.

1953 च्या पहिल्या गाडीपासून कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची. ती गंजत नाही, म्हणून विकणारा छातीठोक सांगतो, गंजाचं नाव नाही. पण चासी लोखंडीच, आणि पुढच्या काचेभोवतीचा सांगाडाही. त्याला इथे 'बर्डकेज' म्हणतात, पिंजराच तो. काचेच्या कडेने पाणी झिरपतं, पिंजरा आतून सडतो आणि वरचा रंग तसाच चकाकत राहतो. त्यात तुमच्या ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ. मागच्या चाकांच्या जरा पुढे चासी वर वळते, तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ. टक्क वाजलं तर ठीक. आत घुसला तर आधी वेल्डर गाठ, स्टिरिओचं नंतर बघू.

फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून दिव्यांना अर्थिंगची वेगळी वायर लागते. मागचा दिवा मिणमिणला की बल्ब बदलत बसू नकोस. अर्थिंगचं टोक सोड, पॉलिश पेपरने घास, परत आवळ. हेडलाइट उघडतात ते इंजिनाच्या व्हॅक्यूमवर. एक डोळा मागे राहिला तर बहुधा कुठेतरी रबरी नळी चिरलेली असते. (माझी कॉर्व्हेट वर्षभर डोळा मारत फिरायची. मला गंमत वाटायची, तुझ्या मामीला नाही.)

आता माझा मूर्खपणा ऐक. फार जपायची म्हणून मी गाडी दोन वर्षं कव्हरखाली ठेवली. बाहेर काढली तर ब्रेकचं पेडल थेट तळाला! चार चाकांत मिळून 16 पिस्टन. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, बिडाच्या कॅलिपरला आतून गंज धरतो, सील गळायला लागतात. शेवटी स्टेनलेस स्लीव्ह घातलेले चारही कॅलिपर बसवले. तेव्हा ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदल आणि गाडी चालव. दारात पाच मिनिटं घुरघुरवण्याला चालवणं म्हणत नाहीत. इंजिन पुरतं तापेपर्यंत, अर्धा तास तरी रस्त्यावर काढ. इंजिन ऑइल झिंक जास्त असलेलं घाल, जुन्या कॅमला ते लागतं.

टायरची नक्षी बघून फसू नकोस. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षं उलटली असतील तर टायर नवाकोरा दिसला तरी काढ.

मंडळाच्या गणपतीला गाडी नेलीस तर पहिला प्रश्न येईल, "ॲव्हरेज किती देते?" हसून विषय बदल.

मे महिन्यात येतोय, तेव्हा दोघं मिळून खाली शिरू. तोवर चार जॅक स्टँड आणून ठेव. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नकोस.

तुझा,
मामा