देवघरातला जुना दिवा

मंडळी, आपल्यातले पुष्कळ जण परळ-लालबागला नातेवाइकांकडे जातात. या खेपेला गेलात की परळच्या बारादेवी मंदिरात जाऊन या. तिथे शंकराची फार जुनी मूर्ती आहे. १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना ती जमिनीत सापडली. माणसाहून कितीतरी उंच अशी अखंड शिळा! एका शंकरातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, अशा सात आकृती. खाली गण वाद्ये वाजवीत बसले आहेत. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे हे काम.

मूर्ती परळलाच राहिली. लोक तिला हार-फुले वाहतात. तिची प्लॅस्टरची नक्कल कोटातल्या मोठ्या म्युझियममध्ये आहे. त्याचे आजचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते १९२२ साली लोकांसाठी उघडले. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या भावांनी जमविलेल्या कितीतरी वस्तू तिथे आहेत. नेपाळ-तिबेटकडच्या धातूच्या मूर्तीही आहेत.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी तर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे, पैठणची चित्रे गोळा केली. हजारो वस्तू जमल्या. १९७५ साली हा सगळा संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला.

आता आपल्या घराकडे वळू. दारावर एक माणूस येतो. म्हणतो, "आजी, हा काळा पडलेला दिवा कशाला ठेवलाय? द्या, नवं पातेलं घ्या." आजी देऊन टाकतात. दिवा गेला मोडीच्या भावाने. शंभर वर्षांची कारागिरी वजनावर गेली. आणि पणजीची आठवण? तिला तर वजनच नाही.

विकू नका, असे आम्ही म्हणत नाही. अडचण कुणाला येत नाही? पण आधी विचारा, मग विका. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रे, कोरीव काम हे त्यात येते. असा माल कुणालाही परदेशी पाठविता येत नाही. जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे सरकारी परवाना लागतो. तो दाखवा म्हणावे. देवळाची मूर्ती तर साऱ्या गावाची. ती एकट्याने विकायची नसतेच.

नांगरताना पुरलेला ठेवा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांवर असली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. हा कायदा १८७८ पासून आहे.

आता तुम्हाला लिहिता येते. एक वही घ्या. टाक, समई, घंटा, पट असे जे असेल ते एकेक लिहा. कुणी आणले, उंची किती, खूण कोणती, हेही लिहा. जमल्यास फोटो चिकटवा. वस्तू चोरीला गेली, तर पोलिसांना हेच पान दाखविता येईल.

आज रात्री दिव्याच्या उजेडात पहिली ओळ त्या दिव्याचीच लिहा.