घर, कामाची जागा आणि आरोग्याधिकाऱ्याचा अहवाल

रुग्णालयाचा अहवाल म्हटला की रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च डोळ्यांसमोर येतात. महायुद्धोत्तर ब्रिटनमधील स्थानिक संस्थांचे आरोग्याधिकारी दरवर्षी जो अहवाल सादर करीत, त्यात मात्र रोगांच्या आकड्यांशेजारीच राहत्या घरांचा आणि कामाच्या जागांचाही हिशेब असे. त्या पद्धतीचा येथे थोडक्यात परामर्श घेत आहोत.

या पदाची परंपरा जुनी. डॉ. विल्यम हेन्री डंकन यांची १८४७ मध्ये लिव्हरपूल येथे झालेली नेमणूक ही ब्रिटनमधील पहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई तीव्र होती. १९५१ च्या जनगणनेत एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांच्या घरी स्नानाचा पक्का टब नसल्याचे दिसून आले. १९५७ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार घर राहण्यास योग्य आहे की नाही, हे ठरविताना दुरुस्ती, भक्कमपणा, ओल, उजेड, हवा, पाणी, सांडपाणी व शौचालय, तसेच स्वयंपाकाची सोय पाहिली जाई. वाजवी खर्चात सुधारणा शक्य असल्यास मालकास नोटीस दिली जाई. अन्यथा घर बंद करणे वा पाडणे हाच मार्ग उरे.

कामाच्या जागांचेही तसेच. १९३७ च्या कारखाना कायद्याने सर्व कारखान्यांतील शौचालये, आणि यांत्रिक शक्ती न वापरणाऱ्या कारखान्यांतील स्वच्छता, दाटी, तापमान व वायुवीजन यांची देखरेख स्थानिक संस्थांकडे सोपविली होती. शिलाईसारखी ठरावीक कामे घरी करणाऱ्यांची यादी मालकांना वर्षातून दोनदा द्यावी लागे. १९६३ च्या कायद्याने कार्यालये व दुकानेही कक्षेत आली आणि दरडोई किमान ४० चौरस फूट जागेचा दंडक ठरला. किती जागा तपासल्या, किती नोटिसा दिल्या, किती खटले भरले, हे कारखान्यांच्या तक्त्यात रकानेवार नोंदले जाई. हिशेबाच्या वह्यांत वावरणाऱ्या आम्हांस या तक्त्याचे मोल विशेष वाटते. कारण केवळ दोष दाखवून तो थांबत नसे, त्या दोषाचे पुढे काय केले हेही सांगे.

१९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि नगरपालिकांची रुग्णालये आरोग्याधिकाऱ्याच्या हातून गेली. १९७४ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये ते पदच संपुष्टात आले. वैद्यक आरोग्य प्राधिकरणांकडे गेले, निरीक्षक स्थानिक संस्थांकडेच राहिले. रोग आणि ओल यांची एकाच लेखणीने होणारी नोंद अशा रीतीने दुभंगली. इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी स्थानिक संस्थांकडे परत येण्यास २०१३ साल उजाडले.

यातून आपण काय घ्यावे? क्षयाचा वा दम्याचा रुग्ण बरा होऊन घरी जातो, तेव्हा आमच्या दफ्तरी त्याची नोंद पूर्ण होते. तो मात्र त्याच कोंदट खोलीत, त्याच धुळीच्या कामावर परततो. घरांची तपासणी करण्याचा अधिकार रुग्णालयास नाही. परंतु एका खोलीत किती जण झोपतात आणि रुग्ण कोठे, कोणते काम करतो, हे दोन प्रश्न केसपेपरवर नोंदविण्यास कोणत्याही अधिकाराची वा निधीची आवश्यकता नाही. एवढा आरंभ व्हावा, असे आम्हांस मनःपूर्वक वाटते.