आधी झोप, मग बाकीचं

सातारा, रविवार

चि. सौ. मुक्तास,


काल वहिनीच्या तोंडून निघून गेलं. सांगायचं नव्हतं, हे तिच्या लगेच लक्षात आलं आणि तिने दादाच्या बीपीचा विषय काढला. पण मी ऐकायचं ते ऐकलं. मुक्ता, रात्री अकरा वाजता, भूमकर चौकात, स्कूटरवर बसल्या बसल्या तुला डुलकी लागली? मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला म्हणून जाग आली? आणि हे तू आईला हसत हसत सांगितलंस म्हणे, 'अगं, सिग्नल होता, गाडी उभीच होती.' उभी नसती तर?

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू 'हो गं आत्या, कॉल आहे' म्हणून सुटतेस.

तू साडेचारला उठतेस. सईचा डबा, तुमचे दोघांचे डबे, छोटूचं वरण-भात शिजवून ठेवणं, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवणं, मग हिंजवडीचं ऑफिस. परवा त्या सॉफ्टवेअर रिलीजपायी रात्री अकरा वाजले. म्हणजे साडेअठरा तास तू जागी होतीस, आणि आदल्या रात्री छोटूने दोनदा उठवलं असेल ते वेगळंच. १७ तास सलग जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि लक्ष, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकेच ढिले पडतात, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली मोजून दाखवलंय. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांच्या वर गेलं की गाडी चालवणं गुन्हा आहे. चाळीसच्या वेगात तीन सेकंद डोळे मिटले, तर ३३ मीटर रस्ता मागे पडतो. समोर कोण आलं, कळणारही नाही. अशी माणसं मी स्ट्रेचरवरून उतरवून घेतली आहेत, म्हणून लिहिते.

कंपनीची गाडी मिळते ना तुम्हाला? रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय मालकाने करायची, असा महाराष्ट्रात २०१७ पासून कायदाच आहे. तू म्हणशील, कॅबसाठी अर्धा तास थांबावं लागतं, स्कूटरने तेवढ्यात घरी पोचते, छोटू रडत असतो. रडू दे अर्धा तास. बाप आहे, आजी आहे. रडून मूल आजारी पडत नाही. पण रात्री ती स्कूटर तू पुन्हा हातात घेतलीस तर मी दादाला सांगेन, आणि तुझा बाप किती घाबरट आहे ते तुला माहीत आहे.

वहिनी म्हणते, नोकरी सोडावी तिने, काय कमी आहे. मी तिला तिथेच सांगितलं, हे पुन्हा बोलू नकोस. तुला ते काम आवडतं. त्या टीमची लीड व्हायला तू किती वर्षं घासलीस ते मी पाहिलंय. थकलेल्या माणसाने राजीनामा लिहू नये आणि गाडीही चालवू नये.

मीही यातून गेलेय. माझी लेक, तुझी ताई, झाली तेव्हा आम्हा नर्सना बाळंतपणाची १२ आठवड्यांची रजा होती. २६ आठवडे २०१७ मध्ये झाले. तीन महिन्यांचं बाळ शेजारच्या काकूंकडे ठेवून मी वॉर्डात हजर झाले. दुपारी राऊंड चालू असताना दूध दाटून यायचं, पांढरा युनिफॉर्म पुढून ओला व्हायचा. मग लिननच्या खोलीत जायचं, आतून कडी घालायची, किडनी ट्रेमध्ये दूध पिळायचं आणि सिंकमध्ये ओतून नळ सोडायचा. ते कोमट, दाट दूध नळाच्या पाण्याबरोबर जाताना मी बघत उभी राहायचे. बाहेर सिस्टर इनचार्ज हाका मारत असायच्या. घरी येऊन मी दिवाळीचा सगळा फराळ करायचे, अनारशांसकट. नाइट करून आले तरी चार पाहुण्यांचा स्वयंपाक करायचे. 'नोकरी सांभाळून किती करते!' असं सगळे म्हणायचे आणि मला ते गोड लागायचं. आज त्या कौतुकातलं काही उरलेलं नाही. ताई सहा-सात वर्षांची असताना संध्याकाळी मला शाळेचं काही सांगायला यायची आणि मी बसल्या जागी झोपलेली असायचे. ती काय सांगायला यायची, कोण जाणे. ते मला ऐकायला हवं होतं. अनारसे राहिले असते.

म्हणून तुला रागावते. झोपेवर काट मारून बाई सगळ्यांना पुरी पडते, आणि मग सगळे तेच गृहीत धरतात.

नीरजरावांशी नीट बोल. मुलगा गुणाचा आहे, पण त्याला सांगावं लागतं. २०१९ च्या सरकारी पाहणीत निघालं होतं की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाची २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. तीसुद्धा जे करतात त्यांचीच. चारांतले तीन पुरुष तर घरकाम काहीच करत नव्हते. नीरजराव त्या तिघांत नाहीत, हे मला कबूल. पण 'मी मदत करतो' असं ते म्हणतात, तेव्हा काम तुझंच राहतं. तू रात्री उशिरा आलीस की दुसऱ्या दिवशीचा डबा त्यांचा. छोटू अकरा महिन्यांचा आहे, वरण-भात खातो, वजन चांगलं वाढतंय. रात्री दोनदा उठतो ते बहुतेक भुकेने नाही, त्याला कुशी हवी असते. बापाची कुशीही चालते. दोन-तीन रात्री आकांत करेल, मग होईल सवय. तू दार लावून दुसऱ्या खोलीत झोप. रडणं ऐकू आलं तरी उठू नकोस.

आणि हिमोग्लोबिन तपासून घे. बारांच्या खाली असेल तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. त्या चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबू-पाण्याबरोबर घे. थायरॉइडही बघून घे. बाळंतपणानंतर काहींचा बिघडतो आणि थकवा समजून बायका अंगावर काढतात. चेहरा किती उतरलाय तुझा. सईच्या वाढदिवसाच्या फोटोत मी मोठा करून पाहिला.

फार बोलले का गं? तू लहानपणी आमच्याकडे डोंबिवलीला आलीस की रात्री माझ्या पोटावर पाय टाकून झोपायचीस, पहाटे पहिल्या पाळीला निघायचं तर तो पाय हळूच उचलून खाली ठेवावा लागायचा. तीच तू, आणि आता सिग्नलला झोपतेस.

मी गुरुवारच्या एसटीने येते. स्वारगेटला न्यायला येऊ नकोस, रिक्षा करीन. आठ-दहा दिवस राहायच्या तयारीने येतेय. सासूबाईंना विचार, त्यांना कंदी पेढे चालतात का शुगरमुळे बंद आहेत. त्यांच्यासाठी वेगळं काही आणते. शुक्रवारी रात्री तू मोबाइल माझ्याकडे द्यायचास. शनिवारी सईला मी बघते, छोटूला नीरजराव बघतील. तू अकरापर्यंत झोप, बारापर्यंत झोप. उठलीस की गरम थालीपीठ लावून देते.

तुझी,
शालूआत्या