झ्यूसच्या गुहेत उतरताना : क्रीटमधल्या प्सिख्रोची वाट

ग्रीसच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्रात क्रीट हे मोठे बेट आहे. त्याच्या पूर्व भागात दिक्ते नावाची डोंगररांग आणि तिच्या कुशीत लासिथीचे पठार. पठाराच्या कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1025 मीटर उंचीवर एक गुहा आहे. देवांचा राजा झ्यूस इथे जन्मला, अशी परंपरा आहे. खाली प्सिख्रो नावाचे गाव आहे, म्हणून तिला प्सिख्रोची गुहा म्हणतात. 'प्सिख्रो' म्हणजे थंड, आणि आत उतरल्यावर हे नाव पटते.

बहुतेक प्रवासी किनाऱ्यावरच्या हॉटेलातून बसने येतात, अर्ध्या तासात गुहा 'करतात' आणि परततात. ही गुहा अशी उरकण्याची जागा नव्हे. इथे माणसे शेकडो वर्षे नवस बोलायला आणि फेडायला येत होती. तिला एक पूर्ण दिवस द्या. तो दिवस कसा लावायचा, हे पुढे क्रमाने दिले आहे.

सोबत काय घ्याल

- खोल खाचांच्या तळव्याचे, घोट्याला आधार देणारे बूट. सपाट चपला किंवा सँडल नकोत.
- पातळ जाकीट. बाहेर ऊन असले तरी आत गारवा आणि ओल असते.
- डोक्याला बांधायची छोटी विजेरी. आत दिवे आहेत, पण पायाखालची पायरी आपल्या उजेडात पाहिलेली बरी.
- प्रत्येकी किमान एक लिटर पाणी आणि उन्हाची टोपी.
- थोडे सुटे युरो. डोंगरातल्या गावात प्रत्येक ठिकाणी कार्ड चालेल असे धरू नका.

पायरी 1 : निघण्यापूर्वी गोष्ट पाठ करा

झ्यूसचा बाप क्रोनस याला भाकीत होते की त्याचेच मूल त्याला पदच्युत करील. म्हणून त्याची बायको रिया बाळंत झाली की तो बाळ गिळून टाकी. हेस्तिया, दिमीतर, हेरा, हेदीस आणि पोसायडन अशी पाच मुले त्याच्या पोटात गेली. सहाव्या खेपेला रिया क्रीटला आली. बाळ गुहेत लपवले आणि नवऱ्याच्या हाती बाळंत्यात गुंडाळलेला दगड दिला. त्याने तोही गिळला. बाळाला अमाल्थिया या शेळीचे दूध आणि मध मिळत गेले. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कुरेटीस नावाचे तरुण योद्धे गुहेच्या तोंडाशी नाचत आणि भाल्यांनी ढाली बडवत. कंसाची आणि देवकीच्या मुलांची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे परके वाटत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. हेसिअड हा प्राचीन कवी रिया क्रीटमधल्या लिक्तोस गावी आली असे सांगतो. पुढचे लेखक दिक्तेचे नाव घेतात. काही जण क्रीटमधल्याच इदा पर्वतावरच्या गुहेला मान देतात. प्सिख्रोची गुहा हीच प्राचीनांची दिक्तेची गुहा का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. इथे दीर्घकाळ पूजा चालत होती, हे मात्र उत्खननाने सिद्ध झाले आहे.

पायरी 2 : दिवस आणि कागदपत्रे ठरवा

मे, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हे दिवस उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि ऊन दोन्ही असतात. हिवाळ्यात लासिथीवर बर्फ पडते आणि घाटाचा रस्ता अवघड होतो. गुहेच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आणि डागडुजीसाठी ती अधूनमधून बंदही ठेवतात. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी ग्रीसच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहा आणि आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी पुन्हा विचारा.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलू नका. त्यासोबत किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. गाडी स्वतः चालवायची असेल तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. तो एक वर्ष चालतो.

पायरी 3 : आधी संग्रहालय, मग गुहा

अथेन्सहून विमानाने तासाभरात, किंवा पिरेअस बंदरातून रात्रीच्या बोटीने सकाळी हेराक्लिओनला पोहोचता. पहिला दिवस तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयाला द्या. गुहा आज रिकामी आहे. तिच्यात जे वाहिले गेले त्याचा मोठा भाग इथे आहे, काही वस्तू ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत. दोन पात्यांच्या छोट्या कुऱ्हाडी, सुऱ्या, हात जोडावेत तशा भावाने उभ्या असलेल्या कांस्याच्या लहान मूर्ती, बैलांच्या आकृत्या या काचेआडच्या वस्तू नीट पाहून घ्या. उद्या गुहेत त्यांच्या जागा दिसतील.

इदा पर्वतावरच्या गुहेतून आलेली कांस्याची गोल तबकडीही इथेच आहे. मध्ये दाढीवाला देव, एक पाय बैलावर, दोन्ही हातांनी डोक्यावर सिंह उचललेला. दोन्ही बाजूंना पंख असलेल्या दोन आकृत्या वाद्ये बडवत आहेत. कुरेटीसांचा तो कल्लोळ इथे धातूत उतरला आहे. तिच्यासमोर पाच मिनिटे थांबा.

पायरी 4 : पठारावर चढा

हेराक्लिओनहून प्सिख्रो सुमारे 60 किलोमीटर आहे. वळणे पाहता दीड तास धरा. एसटीसारख्या सरकारमान्य बस आहेत, पण पठारावर जाणाऱ्या फेऱ्या मोजक्या. भाड्याची गाडी सोयीची पडते. ग्रीसमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आधी सपाटीवर सराव करा, मग घाट घ्या. टाकी खालीच भरून घ्या.

नकाशावर 'झ्यूसची गुहा' असे शोधू नका. बेटावर त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन गुहा आहेत, आणि त्या एकमेकींपासून बऱ्याच दूर आहेत. 'प्सिख्रो' हे गावाचे नाव टाका.

वाटेत केरा इथला जुना मठ लागतो. तिथून वर गेल्यावर सेली अम्बेलूची खिंड, साधारण 900 मीटरवर. खिंडीत दगडी पवनचक्क्यांचे अवशेष रांगेने उभे आहेत. तिथे गाडी थांबवा. समोर लासिथी पसरलेले दिसते : चारी बाजूंना डोंगर, मध्ये सुमारे 840 मीटर उंचीवर हिरवे ताट. शेतात पाणी ओढणाऱ्या, पांढऱ्या कापडी शिडांच्या पवनचक्क्या इथे एके काळी हजारोंनी होत्या. आता बहुतेकांचे लोखंडी सांगाडे उरले आहेत. बटाटा आणि सफरचंद ही इथली पिके. तेराव्या शतकात व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी बंडखोर आसरा घेतात म्हणून या पठारावर वस्ती आणि शेती दोन्हींवर बंदी घातली होती. जे पठार माणसांना लपवते तिथेच बाळ-देवाला लपवल्याची कथा रुजली, हे इथे उभे राहिल्यावर सहज समजते.

पायरी 5 : गुहेपर्यंत चाला

प्सिख्रोच्या वरच्या वाहनतळावर सकाळी गुहा उघडायच्या वेळेला पोहोचा. किनाऱ्यावरच्या बस येण्याआधीचा तास दीड तास शांत असतो. वर जायला दोन वाटा आहेत. एक जुनी, दगड जडवलेली आणि चढाची. तिचे दगड पावलांनी घासून गुळगुळीत झाले आहेत. दुसरी जास्त सोपी आणि सावलीची. जाताना कोणतीही घ्या, उतरताना सोपी घ्या. पंधरा-वीस मिनिटे लागतात. गाढवे भाड्याने मिळतात, पण गुडघे साथ देत असतील तर पायीच जा.

दाराशी तिकीट घ्या. आत शौचालय नाही, ते आटोपूनच उतरा.

पायरी 6 : वरच्या दालनात थांबा

गुहेच्या तोंडाशी आल्यावर लगेच पायऱ्या उतरू नका. वरचे दालन उजेडाचे आहे. 1900 साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ डेव्हिड होगार्थ यांनी इथे खणले तेव्हा कोसळलेल्या खडकांखाली वेदी आणि तिच्याभोवती वाहिलेल्या वस्तू सापडल्या. ते खडक फोडायला त्यांनी सुरुंग लावले होते. आज कोणी असे करणार नाही. त्यांच्या आधी 1886 मध्ये इओसिफ हाजिदाकिस आणि फेडेरिको हालभेर, आणि पुढे क्रीटमधल्याच क्नोसॉसचे उत्खनन करणारे आर्थर इव्हान्स इथे येऊन गेले होते.

दोन मिनिटे डोळे मिटून उभे राहा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. बाहेरच्या उन्हातून थेट उतरणाऱ्यांचेच पाय पहिल्या दहा पायऱ्यांत घसरतात.

पायरी 7 : खाली उतरा

सिमेंटच्या सुमारे दोनशे पायऱ्या आहेत. छतावरून थेंब पडत असतात, त्यामुळे त्या ओल्याच. सह्याद्रीत पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या उतरतो तसे उतरा : पाऊल आडवे, पूर्ण तळवा टेकलेला, एक हात कठड्यावर. फोटो काढायचा तर आधी थांबा, चालता चालता काढू नका.

जसजसे खाली जाता तसतसा दारातला उजेड वर राहतो आणि थंडी अंगाला भिडते. भोवती लवणस्तंभ दिसू लागतात. डोंगराच्या चुनखडीतून झिरपणारे पाणी थोडा चुना विरघळवून आणते. छताशी पोहोचले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि चुन्याचा कण तिथेच बसतो. छतावरून लोंबणारे ते अधोमुखी, जमिनीतून वाढणारे ते ऊर्ध्वमुखी. हजारो वर्षांची ही बांधणी आहे. तिला बोट लावू नका. हाताचा तेलकटपणा बसला की पाणी तिथे नीट पसरत नाही, आणि त्या जागेची वाढ अडते.

पायरी 8 : तळाशी, भेगांकडे पाहा

अगदी खाली पाण्याचा छोटा साठा आहे. मार्गदर्शक एक मोठा, घड्या पडलेल्या वस्त्रासारखा लवणस्तंभ दाखवून त्याला 'झ्यूसचा झगा' म्हणतात. तो पाहा, पण नजर त्या घड्यांच्या मधल्या खाचांवरही न्या.

होगार्थ यांच्या उत्खननाच्या अखेरीला मजूर या तळाच्या चिखलात मेणबत्त्या धरून चाचपत होते. एकाला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून त्याने मेणबत्ती लवणस्तंभाच्या खाचेत खोचली. ज्योतीच्या उजेडात त्याला आत कांस्याच्या पात्याची कडा चमकताना दिसली. मग सगळ्यांनीच खाचा तपासल्या. सुऱ्या, दोन पात्यांच्या कुऱ्हाडी, सुया, दागिने बाहेर येत गेले. कोणीतरी ती एकेक वस्तू इथवर अंधारात आणली होती, खडकाच्या भेगेत हाताने सरकवली होती आणि रिकाम्या हाताने वर गेले होते. पुढे चुन्याचा थर चढत गेला.

काल संग्रहालयात पाहिलेले पाते इथे मनात बसवा. मग विजेरी मिनिटभर बंद करा, बोलणे थांबवा आणि थेंबांचा आवाज ऐका. गुहेत उतरून करायची मुख्य गोष्ट हीच आहे.

पायरी 9 : वर या आणि जेवा

चढताना घाई नको. दर पन्नास पायऱ्यांनी थांबा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी वरच्या दालनातूनच परतावे; वेदीची जागा तिथेच आहे, त्यांची भेट अपुरी राहत नाही.

गावात साधी भोजनालये आहेत. शाकाहारी असाल तर 'होरीस क्रेअस', म्हणजे मांसाशिवाय, एवढे सांगा. 'होर्ता' म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. 'डाकोस' म्हणजे सातूच्या कडक पावावर टोमॅटो आणि मऊ चीज. इथल्याच शेतातले बटाटे. शेवटी दही आणि वर रानओव्याचा मध मागवा. बाळ झ्यूस दूध आणि मधावर वाढला, ही कथा या डोंगरांत का सांगितली गेली ते त्या वाटीत कळते.

आणखी एक दिवस असेल तर

पश्चिमेला अनोया गावातून इदा पर्वतावरचे निदा पठार गाठा. सुमारे 1400 मीटरवरच्या या कुरणावर गाडी सोडून अर्धा तास चढले की दुसरी गुहा येते. कथेतला तंटा मिटवताना काही जण म्हणतात, झ्यूस दिक्तेत जन्मला आणि इदावर वाढला. त्या क्रमाने दोन्ही पाहिल्या तर कथेच्याच वाटेने चालल्यासारखे होते.

हे पाळा

गुहेतला खडा, लवणस्तंभाचा तुकडा, खापरी, काहीही उचलू नका. ग्रीसमध्ये पुराणवस्तू नेणे गंभीर गुन्हा आहे. पाण्यात नाणी टाकू नका, भिंतीवर नाव कोरू नका. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे येणारा माणूस आपल्याजवळचे चांगले काहीतरी ठेवून गेला. आपल्याला काही ठेवायचे नाही आणि काही न्यायचेही नाही. हळू उतरा, थांबून ऐका आणि गुहा होती तशी पुढच्या माणसासाठी सोडून या.