कायद्याची मराठी : मतपत्रिका, मतपेटी आणि शिक्षा

जव्हार किंवा मोखाडा तालुक्यात आपण शिक्षक वा लिपिक असाल, तर निवडणुकीच्या कामाचा आदेश आपल्या हाती केव्हातरी येतोच. त्यातील कलमे मात्र सहसा वाचली जात नाहीत. या घटकात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १३५ व १३६ भाषेच्या अंगाने वाचू.

कलम १३५ मतदान केंद्राबाहेर मतपत्रिका नेण्याविषयी आहे. तेथील कळीचा शब्द ‘अनधिकृतपणे’. कलम १३६ मध्ये मतपत्रिका विद्रूप किंवा नष्ट करण्याच्या संदर्भात ‘कपटाने’ हा शब्द येतो. हा फरक केवळ शैलीचा नव्हे. ‘कपटाने’ हे क्रियाविशेषण कर्त्याच्या मनाचा ठाव मागते. तेथे हेतू सिद्ध करावा लागतो. ‘अनधिकृतपणे’ हा शब्द एवढेच विचारतो, की अधिकार होता का? त्यामुळे निव्वळ आठवण म्हणून मतपत्रिका खिशात घालून निघालेला मतदारही कलम १३५ च्या कक्षेत येतो. तसा नुसता प्रयत्नही गुन्हाच. शिक्षा एक वर्षापर्यंत कारावास, किंवा पाचशे रुपयांपर्यंत द्रव्यदंड, किंवा दोन्ही.

कलम १३६ मध्ये कर्ता बदलला की शिक्षा बदलते. मतपेटीशी छेडछाड सामान्य व्यक्तीने केली, तर सहा महिन्यांपर्यंत कारावास. मतदान केंद्राध्यक्षाने किंवा कामावरील लिपिकाने केली, तर दोन वर्षांपर्यंत. दोन्हीकडे द्रव्यदंडाचा पर्याय आहेच. ‘कामावर’ याचा अर्थही मतदानाच्या दिवसापुरता नाही. मतमोजणी, तसेच निवडणुकीनंतर वापरलेल्या मतपत्रिका सांभाळणे, हेही त्यात येते. मोखाड्याच्या एखाद्या दूरच्या पाड्यावरून साहित्य परत आणून दिले की जबाबदारी संपली, असे समजणाऱ्याने ही व्याख्या सावकाश वाचावी.

‘पर्यंत’ या शब्दाकडेही लक्ष द्या. तो कमाल मर्यादा सांगतो, किमान नाही. मतदान केंद्र बळकावण्याविषयीच्या कलम १३५अ मध्ये मात्र ‘एक वर्षाहून कमी नाही’ अशी रचना आहे, शासकीय सेवकासाठी ‘तीन वर्षांहून कमी नाही’. आणि तेथे ‘किंवा’ जाऊन ‘आणि’ येतो : कारावास आणि द्रव्यदंड. एका उभयान्वयी अव्ययाने न्यायाधीशाचा पर्याय काढून घेतला आहे.

आता मतपत्रिकेच्या जागी यंत्र आले, मग ही कलमे जुनी झाली का? नाही. कलम ६१अ च्या स्पष्टीकरणानुसार, यंत्र वापरात असेल तेथे ‘मतपेटी’ व ‘मतपत्रिका’ या शब्दांत तेही समाविष्ट असते. (ग्रामपंचायत व नगरपरिषदेच्या निवडणुकांना हा अधिनियम लागू नाही, त्यांचे राज्य कायदे वेगळे आहेत.)

स्वाध्याय : ‘लिपिकाने मतपेटी उघडली’ आणि ‘मतपेटी उघडली गेली’ या दोन वाक्यांपैकी कोणते फिर्यादीत चालेल? कर्त्याच्या उल्लेखाचा आधार घेऊन आठ ओळींत लिहा.